न वाजवल्याचंही क्रेडिट मिळालेला ड्रमर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बिल ब्रुफर्डवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, येस आणि किंग क्रिम्सन या ब्रिटिश रॉक बँडांचा ड्रमर, जन्म १९४९, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला, एवढंच साधंसुधं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. लता की आशा यावर भांडणारी मुंबई ब्रुफर्डवरही भांडते हे बघून जाम बरं वाटलं. सगळी छापणं शक्य नाही, त्यातली काही घेतोय.

प्रश्न : आमचे मिस्टर रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी या माणसाचे व्हिडिओ लावून बसतात आणि कोणी पाहुणे आले की त्यांनाही बसवतात. मी दोन-तीनदा नीट लक्ष देऊन बघितलं, पण मला काही विशेष दिसलं नाही. आमच्या इथली ढोल-ताशा पथकातली पोरं याच्या दसपट जोरात वाजवतात. एवढं कौतुक नक्की कशाचं? (एक गृहिणी, विलेपार्ले)

ताई, तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे आणि गंमत म्हणजे भक्त लोक नेमके त्याच्यासाठीच वेडे आहेत. जोरात वाजवणारे, फास्ट वाजवणारे ड्रमर पैशाला पासरी मिळतात, याचं नाव निघतं ते तो काय वाजवत नाही त्यासाठी.

एक किस्सा सांगतो, मिस्टरांना माहीत असणारच पण तुम्ही आधी सांगा आणि त्यांचा चेहरा बघा. नोव्हेंबर १९७३, अ‍ॅमस्टरडॅमचं कॉन्सर्टगेबाऊ सभागृह, किंग क्रिम्सनचा कार्यक्रम. या मंडळींची एक सवय होती, स्टेजवर मध्येच काहीही न ठरवता वाजवायला सुरुवात करायची. त्या रात्री डेव्हिड क्रॉसने व्हायोलिन हळूच सुरू केलं, जॉन वेटनने बेसवर साथ धरली, गिटारवाला रॉबर्ट फ्रिप मेलोट्रॉनवर (टेपवर भरलेले आवाज वाजवणारा कीबोर्ड) बासरीसारखे सूर लावून बसला. अगदी शांत, तरंगत जाणारं काहीतरी तयार व्हायला लागलं. आता ब्रुफर्डने शिरायचं. दुसरा कोणीही असता तर निदान झांज तरी खुळखुळवली असती, कारण हजारो लोकांसमोर ड्रमसेटवर नुसतं बसून राहायचं म्हणजे आपलं तिथे काम काय असं वाटायला लागतं ना. पण हा गडी दोन्ही काठ्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला. शेवटपर्यंत. एक ठोका नाही. ते रेकॉर्डिंग पुढच्या वर्षी 'ट्रायो' नावाने अल्बममध्ये आलं आणि बाकीच्या तिघांनी रचनाकार म्हणून त्याचंही नाव घातलं, कारण न वाजवायचा निर्णयही त्या रचनेचाच भाग आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. क्रेडिट दिलं ते 'कौतुकास्पद संयमा'चं.

आपल्याकडे आलापीत तबलजी हात मांडीवर ठेवून बसतो, पण तो रिवाजच आहे, तिथे त्याने वाजवलं तर लोक हसतील. इथे रिवाज बिवाज काही नव्हता, त्या क्षणाला एकट्याने ठरवायचं होतं. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या सोलोंपेक्षा हे बसून राहणं जास्त अवघड आहे.

आणि पाहुण्यांना बसवणं मात्र थांबवा. त्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने.

प्रश्न : दादा, मी दोन वर्षं ड्रम शिकतोय. 'डिसिप्लिन' या ट्रॅकमध्ये ब्रुफर्ड १७ मात्रांचं वाजवतो असं ऐकलं, पण मी मोजायला बसलो की पाय सरळ चारात चाललेला ऐकू येतो. मग १७ कुठून आले? डोक्याला शॉट लागलाय. (कॉलेजकुमार, डोंबिवली)

मित्रा, दोन्ही खरं आहे. हात १७ मध्ये, पाय ४ मध्ये, आणि दोघं एकमेकांकडे न बघता आपापल्या वाटेने चाललेत.

असं बघ, पायाचा बेस ड्रम धिम्या चालीने एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. त्याच्या प्रत्येक ठोक्यात चार बारीक मात्रा धर, म्हणजे एका फेरीत १६ झाल्या, आपला तीनतालच समज. हातांची फेरी मात्र १७ ची, म्हणजे दर आवर्तनाला एक मात्रा जास्त. पहिली फेरी दोघांनी समेवर सुरू केली, दुसऱ्या फेरीला हात एक मात्रा उशिरा, तिसरीला दोन, चौथीला तीन. हातांच्या चार फेऱ्या झाल्या की ६८ मात्रा होतात, ६८ ला चारने भाग जातो, म्हणजे पाचव्या फेरीची सुरुवात पुन्हा पायाच्या ठोक्यावर पडते आणि तुला वाटतं सम आली! पण तो पायाचा 'एक' नाही, 'दोन' आहे. आणखी चार फेऱ्यांनी 'तीन' वर पडेल, मग 'चार' वर, आणि हातांच्या १६ फेऱ्या पूर्ण झाल्यावर, २७२ मात्रांनंतर, दोघं खऱ्या अर्थाने समेवर भेटतात. तबला ऐकणाऱ्याला यात नवीन काही नाही, पण हे किंग क्रिम्सनच्या १९८१ च्या रॉक अल्बममध्ये आलं, आणि मुख्य म्हणजे ज्याला यातलं काहीही कळत नाही तो पायाच्या ठोक्यावर आरामात मान डोलवतो. ऐकणाऱ्याला मोजायला लावायचं नाही, मोजण्याचं टेन्शन आपल्यापाशीच ठेवायचं, हे मला त्याच्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

प्रॅक्टिससाठी ड्रमवर बसूच नकोस. लोकलमध्ये सीट मिळाली की (मिळाली तर!) पायाच्या टाचेने चार धर आणि मांडीवर बोटांनी 'तकधिमि तकधिमि तकधिमि तकतकिट' म्हण, चार-चार-चार-पाच, झाले १७. डोंबिवली ते सीएसएमटी म्हणजे वेळच वेळ. शेजारचा बघेल, बघू दे.

प्रश्न : मी येसचा १९७० च्या दशकापासूनचा चाहता आहे. 'क्लोज टू द एज'सारखा अल्बम केला आणि तो बाजारात यायच्या आत हा माणूस बँड सोडून गेला. नंतर २००९ ला वाजवणंच बंद. आता म्हणे पुन्हा वाजवतो. चाहत्यांना काय गृहीत धरलंय का? तुमच्या लेखात नुसती आरती ओवाळली होती, म्हणून लिहितोय. (ज्येष्ठ नागरिक, गिरगाव)

काका, नमस्कार. आरती थोडी झाली खरी, पण तुमचा राग मला पटत नाही.

१९७२ मध्ये येस यशाच्या ऐन जोरात होता, मान्य. पण तो अल्बम झाला कसा ते बघा, स्टुडिओत तुकडे तुकडे रेकॉर्ड करायचे, त्यावर तासन्‌तास चर्चा, मग टेप कापून जोडायची. जॅझ ऐकत वाढलेल्या पोराला, ज्याने टीव्हीवर आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच, जो मोरेलो बघून काठ्या हातात घेतल्या, त्याला हे किती दिवस झेपणार? त्याचं म्हणणं थोडक्यात असं की यापेक्षा चांगलं आम्हाला जमणार नव्हतं, मग त्याचीच दुसरी आवृत्ती कशाला काढायची. आणि तो गेला कुठे, तर किंग क्रिम्सनमध्ये, जिथे पैसा कमी आणि उद्या काय वाजवायचं याचा पत्ता नाही. तिथे जेमी म्यूर नावाचा तालवादक होता, स्टेजवर साखळ्या आणि पत्रे घेऊन धुमाकूळ घालणारा, त्याने याच्या डोक्यातली स्वच्छ इस्त्रीची घडी पार मोडली. म्यूर पुढच्याच वर्षी सगळं सोडून स्कॉटलंडच्या बौद्ध मठात गेला, तेव्हा सोडून जायचंच म्हणाल तर ब्रुफर्ड त्यातला बराच सौम्य म्हणायचा. येसचंही काही बिघडलं नाही, अ‍ॅलन व्हाइट आले आणि २०२२ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ती खुर्ची सांभाळली.

२००९ चं म्हणाल तर वयाच्या साठीला माणसाने सांगितलं की आता स्टेज पुरे. आपल्याकडे आवाज गेला तरी माईक न सोडणारे कमी आहेत का? त्यानंतर तो घरी आराम करत बसला नाही, ड्रमर नवनिर्मिती कशी करतो या विषयावर सरे विद्यापीठातून २०१६ मध्ये पीएचडी घेतली. २०१७ ला येसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा समारंभाला हजर राहिला, पण वाजवायला बसला नाही. सत्तरी ओलांडल्यावर हात पुन्हा शिवशिवायला लागले आणि आता गिटारवादक पीट रॉथच्या ट्रिओत छोट्या छोट्या क्लबांमधून जॅझ वाजवतो. काका, तो स्टेडियम भरवायला परत आलेला नाहीये हो. शंभर-दोनशे लोकांसमोर वाजवायला आलाय, त्यात आपल्याला गृहीत कुठे धरलं?

एक मात्र कबूल, जुने येस भक्त आणि जुने क्रिम्सन भक्त या दोघांनाही तो 'आपला' वाटतो आणि तो कोणाचाच नाही. मला स्वतःला त्याचं १९७८-७९ चं काम सगळ्यात आवडतं, स्वतःच्या नावाच्या बँडमधलं, अ‍ॅलन होल्ड्सवर्थ गिटारवर आणि जेफ बर्लिन बेसवर. ते तुम्ही ऐकलं नसेल तर राग बाजूला ठेवून ऐका.

प्रश्न : फिल कॉलिन्स मोठा की ब्रुफर्ड? एका वाक्यात सांगा. पैज लागली आहे. (तीन मित्र, ठाणे)

१९७६ मध्ये जेनेसिस या बँडच्या दौऱ्यात त्यांचा ड्रमर कॉलिन्स पुढे उभा राहून गात होता तेव्हा मागे ड्रमवर बसायला ब्रुफर्डला घेतलं होतं आणि नुसत्या वादनाच्या तुकड्यांना कॉलिन्स धावत मागे जाऊन दोघं मिळून वाजवायचे, तेव्हा त्यांनाच जो प्रश्न पडला नाही त्यावर तुम्ही लावलेल्या पैशाचा वडापाव खा.

प्रश्न : मी लालबागच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. तुमच्या लेखातला सहा कोनांच्या पॅडचा फोटो बघितला. आमच्यासारखंच वाजवतो का हा? आणि त्याच्या साध्या स्नेअर ड्रमचा तो 'टॉक्क' आवाज कसा काढायचा? (वादक, लालबाग)

भाऊ, तुझं पत्र वाचून सगळ्यात आनंद झाला. हो, तुमच्याच घराण्यातला म्हण! ते सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक पॅड, १९८० च्या दशकात निघाले. ऑक्टोपॅड आपल्या ऑर्केस्ट्रांत आणि मिरवणुकांत रुळायच्या आधी. तेव्हाच्या किंग क्रिम्सनमध्ये फ्रिपचा आग्रह होता की झांजा शक्यतो नकोत, म्हणजे ड्रमरचा अर्धा संसारच गेला, मग रिकाम्या जागी काय तर हे पॅड. तेव्हा त्यांचा पृष्ठभाग इतका कडक असायचा की मनगटं दुखून यायची. १९८६ ला त्याने अर्थवर्क्स हा जॅझ बँड काढला त्यात तर तो पॅडवर नुसता ताल नाही, सूर आणि कॉर्ड वाजवायचा, म्हणजे तुम्ही पॅडवर बँक बदलून लेझीम, ढोलकी, संबळ काढता तसं, फक्त त्याच्या पॅडमधून राग-रंगच निघायचा. पुढे वायरी, मशीन, ऐनवेळी बंद पडणं याला वैतागून सगळं सोडलं आणि १९९० च्या दशकात साध्या लाकडी ड्रमवर परत आला. भर मिरवणुकीत पॅड हँग झाल्यावर काय होतं ते तुला मी काय सांगणार.

'टॉक्क' चं गुपित काठीच्या कोनात आहे. काठी एकाच वेळी कातड्यावर आणि कडेच्या लोखंडी रिंगवर बसली पाहिजे, त्याला रिमशॉट म्हणतात, ते तू करतच असशील. फरक एवढा की बहुतेक लोक बरोबर मधोमध मारतात, हा मधल्यापासून जरा बाजूला मारतो, त्यामुळे आवाजात ती गुंजणारी टोकदार घंटा येते. वर कातडं चांगलं ताणलेलं. आणि टेप, रुमाल, काही चिकटवायचं नाही. त्या काळात सगळे ड्रमवर फडकी टाकून आवाज दाबायचे म्हणून याचा स्नेअर पहिल्या ठोक्याला ओळखू येतो. शिवाय येसमध्ये शेजारी ख्रिस स्क्वायरचा तो दणदणीत बेस, त्यातून वर यायचं तर मऊ आवाज काय कामाचा.

प्रश्न : आपल्या मुंबईचं या संगीताशी काही नातं आहे का, की आपण नुसते लांबून टाळ्या वाजवणारे? (प्राध्यापिका, माटुंगा)

आहे की! ब्रुफर्ड ज्याला बघून शिकला तो जो मोरेलो १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटबरोबर मुंबईत वाजवून गेलाय, त्यांची गाजलेली 'टेक फाइव्ह' ही धून रेकॉर्ड व्हायच्या एक वर्ष आधी. त्याच्याही आधी १९३० च्या दशकात ताजमध्ये जॅझ बँड होते आणि ते ऐकून गोव्याच्या वादकांची पिढी तयार झाली, जी पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. १९७८ ला जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, धोबीतलावच्या रंगभवनात सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. आणि ड्रमरच हवे असतील तर दोघं घरचेच, शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक गुर्टू आणि सितारादेवींचा मुलगा रणजित बारोट. दोघंही गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर वाजवलेले, दोघांच्याही घरात आधी ठुमरी आणि कथक, मग ड्रम. या दोघांचे चाहते ब्रुफर्डच्या चाहत्यांइतके का भांडत नाहीत, हा खरं तर मला पडलेला प्रश्न आहे. पुढच्या अंकासाठी कोणीतरी पत्र पाठवा.

प्रश्न : मुलाला (वय १४) ब्रुफर्डचं वेड लागलंय आणि ड्रमसेट हवाय. आमचा टू बीएचके, तिसरा मजला, सोसायटीचे सेक्रेटरी खालीच राहतात. काय करू? (पालक, कांदिवली)

अ‍ॅकूस्टिक सेट घरी आणू नका, आठवडाभरात नोटीस येईल. आधी रबरी प्रॅक्टिस पॅड आणि काठ्या, हजार-दोन हजारात काम होतं, त्यावर सहा महिने टिकला तर जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट घ्या आणि हेडफोन. पण लक्षात ठेवा, हेडफोन लावले तरी बेस ड्रमच्या पेडलचा धप्प आवाज स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो, त्यासाठी सेटखाली जाड रबर मॅट घाला. आणि सेट यायच्या आधी सेक्रेटरींकडे जाऊन या, मुलालाच पुढे करा, वाजवायची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. दुपारी दोन ते चार मात्र मागू नका.