बारावा खड्डा

नागपूर
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय पोरी,

तू गेल्यावर काकू म्हणाली, पोट्टीनं चहाला हातही लावला नाही. बघितलं तर खरंच कप तसाच, वर साय धरलेली. तू सांगत होतीस आणि मी सवयीप्रमाणे मधेमधे तोडत होतो. कागदावर तुला तोडता येत नाही, म्हणून लिहितोय.

तुझं दुखणं मला समजलं ते असं. डिप्लोमाला डिस्टिंक्शन, बीमची गणितं तोंडपाठ. आणि बांधकामाच्या साइटवर पहिल्याच आठवड्यात मिस्त्रीनं विचारलं, "मॅडम, गुण्या लावून पाहू का?" गुण्या म्हणजे काय ते तुला ठाऊक नव्हतं. तू "लावा" म्हणालीस, तो गालात हसला. मग त्यानं सावलीत खुर्ची टाकून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि तेव्हापासून तू त्या खुर्चीवर आहेस. आता पुण्यात एसीत बसून ड्रॉइंग काढायची नोकरी मिळतेय, तर जाऊ का, हे विचारायला आली होतीस.

मला पुणं खटकलं नाही. खुर्ची खटकली.

गुण्या म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा काटकोन. झालं, आलं तुला. तो नसला तर खुंट्या आणि दोरी घे, एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, तिरपं माप बरोबर ५ भरलं की कोपरा काटकोनात. मोठ्या प्लॉटवर ६-८-१० घे, चूक कमी होते. शेवटी दोन्ही कर्ण मोज, ते सारखे आले पाहिजेत. लेव्हल पाइपात पाणी भरल्यावर बुडबुडा राहिलाय का बघ, राहिला तर दोन टोकांचं पाणी खोटं बोलतं. ओळंबा वाऱ्यात हलत असेल तर थांब. ही सगळी अवजारं तू दोन दिवसांत शिकशील, त्यासाठी पत्र कोण लिहितं?

तू विचारलंस, "काकाजी, बेसिक कुठून सुरू करू? एखादं पुस्तक सांगा." पुस्तकं तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. माझं म्हणणं एकच आहे, आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळलीस तरी. बांधकामात जे जे महत्त्वाचं, ते सगळं झाकलं जातं. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये, विटांचे सांधे छपाईच्या प्लास्टरखाली. लोकांना शेवटी दिसतो तो रंग आणि टाइल. म्हणून झाकायच्या आधी बघ. तिथे उतरून, वाकून, हात लावून बघ.

आता बाराव्या खड्ड्याची गोष्ट. ही मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. काकूला माहीत आहे, कारण त्यात स्कूटर गेली.

१९९६ चा मे महिना. शहराच्या दक्षिणेला तेव्हा शेतं मोडून नुकते लेआउट पडत होते. एका निवृत्तीला आलेल्या गृहस्थांचं घर मी घेतलं होतं, माझं स्वतःचं तिसरं काम. बारा कॉलम, बारा खड्डे. तिथली जमीन म्हणजे आपली काळी कपाशीची माती. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून अशी भेगाळते की भेगेत मनगट जावं. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा हा गुण, हे तू परीक्षेत लिहिलंच असशील. अशा मातीवर फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, ठेवायचं नसतं. ती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जायचं. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असलेली पाइल. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ती अशाच मातीसाठी विकसित केली.

अकरा खड्ड्यांत मी स्वतः उतरलो. पहारेचं टोक मारून पाहिलं, टण्ण आवाज आला, पिवळा मुरूम हातात घेतला, मग वर आलो. बारावा, नैऋत्येच्या कोपऱ्यातला, संध्याकाळपर्यंत झाला नाही. दुसऱ्या दिवशी उमरेडला मेहुण्याचं लग्न. सकाळी बसस्टँडवर जाताना साइटवर थांबलो. मिस्त्री खड्ड्याच्या काठावरून म्हणाला, "साहेब, यातबी तोच माल लागला. तुम्ही काऊन टेन्शन घेता?" माझ्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता. मी काठावरून डोकावलो, सावलीत काही नीट दिसलं नाही, आणि म्हणालो, "टाका पीसीसी," म्हणजे तळाचं साधं काँक्रीट.

पांढरा सदरा, पोरी. एवढंच कारण.

तिसऱ्या वर्षी त्या कोपऱ्यावरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. उन्हाळ्यात उघडायची, पावसाळ्यात मिटायची. भेग ऋतूप्रमाणे श्वास घ्यायला लागली की समजायचं, खाली काळी माती आहे. मी भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. एप्रिलमध्ये ती मधोमध तडकलेली सापडली. गृहस्थ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भेगेवर गणपतीचं कॅलेंडर लावलं आणि मला चहा विचारला. तो चहा मीही पिऊ शकलो नाही, म्हणून आज तुझा कप बघून हे सगळं वर आलं असेल.

शेवटी फुटिंगच्या बाजूनं थोडं थोडं उकरून खालून आधार दिला. तिथे मुरूम होता, पण आणखी साडेतीन फूट खाली. मिस्त्री खोटं बोलला असं मी आजही म्हणत नाही. वरच्या थरात मुरमाचे खडे मिसळलेले होते, त्याला तो मुरूमच वाटला असेल. त्याचं काम खणायचं होतं, बघायचं काम माझं होतं. स्कूटर विकली, त्यात निम्मा खर्च निघाला.

आता तू म्हणशील, काकाजी, हल्ली सुपरवायझर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. बाप्पा! फोटोत पहारेचा आवाज येतो का? फोटो काढणारा त्याला दाखवायचं तेच दाखवतो, आणि बहुधा चांगला कोपराच दाखवतो. तुझ्या बोलण्यात "फोटो मागवते" हे वाक्य तीनदा आलं, मी मोजलं. पुन्हा माझ्यापुढे हे वाक्य नको.

सळईचं तसंच. स्लॅबला खालून किमान २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवर काँक्रीटचं पांघरूण, लागतं, कॉलमला ४०. ते राखायला सळईखाली ठेवायच्या कव्हर ब्लॉकऐवजी कोणी खडीचे तुकडे सारतं, कोणी काहीच सारत नाही आणि "ओतताना जाळी उचलून घेऊ" म्हणतं. ओतताना जाळी कोणी उचलत नाही. उलट वरून घमेली घेऊन तीस माणसं चालतात आणि बाल्कनीची वरची सळई, जी वरच राहायला हवी, ती दबून खाली जाते. बाल्कनी वरून ताणली जाते, सळई खाली बसली तर ती असून नसल्यासारखी. आदल्या संध्याकाळी बघून समाधान मानू नकोस, ओतताना तिथे उभी राहा. काँक्रीट पडलं की संपलं, मग देवालाही दिसत नाही.

आणि पाणी. यावर मी जरा जास्तच बोलतो, सहन कर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या साध्या प्रमाणाला सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे ३० लिटर पाणी सांगितलंय. साइटवर ते बादलीनं अंदाजे पडतं, आणि मिक्सरवाल्याचा हात नेहमी सढळ, कारण पातळ माल लवकर पसरतो. सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवतं. डफ अब्राम्स या अमेरिकन माणसानं १९१८ मध्ये हेच मांडलं, पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते. शंभर वर्षं उलटली, आमच्या मिक्सरवाल्यापर्यंत बातमी पोचलेली नाही.

मला स्वतःला हे अब्राम्सनं शिकवलं नाही. छत्तीसगडहून आलेल्या एका म्हाताऱ्या रेजानं, म्हणजे मजूर बाईनं, शिकवलं. कन्हान नदीची वाळू ट्रकमधून उतरली की ती मूठभर उचलायची, दाबायची आणि हात उघडायची. लाडू राहिला तर म्हणायची, "बाबू, पानी कम डालना." ओली वाळू स्वतःच पाणी घेऊन येते, शिवाय फुगून मापाच्या पेटीत जास्त जागा अडवते, पाव हिश्श्यापर्यंतही, म्हणजे पेटी भरलेली दिसते आणि आत वाळू कमी. कॉलेजात याला बल्किंग म्हणतात, तिला अक्षरओळख नव्हती. मिस्त्री हसतो म्हणून तू खुर्चीत बसलीस, पण रेजांशी बोललीस का कधी? त्या तुला हसल्या नसत्या. दोन बायका एकमेकींशी बोलल्या असत्या आणि तू महिनाभराचं शिक्षण एका सकाळी घेऊन आली असतीस.

तराईचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचं, बघ. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ पार जातो. हवा ४० अंशांच्या वर गेली की आयएस ७८६१ त्याला उष्ण हवामानातलं काँक्रीट म्हणून वेगळं काढतं. स्लॅब पहाटे ओत. साध्या सिमेंटला एरवी सात दिवस ओलावा पुरतो, पण अशा कोरड्या उन्हात किमान १० दिवस हवा आणि पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, असेल तर १४. स्लॅबवर आळी करून पाणी साठव, कॉलमला गोणपाट गुंडाळ. दुपारी दोन वाजता जाऊन गोणपाटाला हात लाव. सकाळी सगळ्यांचं गोणपाट ओलं असतं. तहानलेलं काँक्रीट वरून अगदी ओल्यासारखंच दिसतं, म्हणून हेही झाकलेलंच समज.

विटांबद्दल थोडक्यात. भिजवलेल्या हव्यात, दोन विटा आपटल्या की खणखणीत वाजाव्यात, खाच वरच्या अंगाला हवी म्हणजे मसाला तिच्यात भरतो. दिवसाला मीटर-सव्वा मीटरच्या वर भिंत चढू देऊ नकोस. छपाईवाला आला की उभ्या सांध्यांत बोट घालून फीर. तो चिडेल, चिडू दे.

लोक मला अडेलतट्टू म्हणतात हे तुझ्या कानावर असेलच. एकदा सेंटरिंग तयार, मिक्सर उभा, ठिय्यावरून चाळीस मजूर आणलेले, आणि मी स्लॅब थांबवला, कारण कव्हर ब्लॉक नव्हते. संध्याकाळी मला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं तोच स्लॅब तसाच ओतला. तो आजही उभा आहे, कबूल करतो. दरवर्षी त्या रस्त्यानं जातो तेव्हा मान वर करून सळई गंजल्याचा तांबडा डाग शोधतो. एकदा दिसला असं वाटून गाडी थांबवली, जवळ जाऊन पाहिलं तर पानाची पिचकारी निघाली. काकू म्हणते, लोकांचा स्लॅब पडावा म्हणून वाट बघणारा तूच एक. तसं नाही. पण आपण थांबवलं ते बरोबर होतं, याची खूण एकदा तरी मिळावी असं वाटतं माणसाला. जाऊ दे.

कधी सवड झाली तर झिरो माइलला जा, पण सेल्फीसाठी नको. तिथला मोजणीखात्याचा खांब १९०७ सालचा, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दिलीय १०२०.१७१ फूट. दशांशचिन्हापुढचे तीन आकडे बघ. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. समुद्रापासून इथवर ही लेव्हल कोणीतरी टप्प्याटप्प्यानं उन्हातान्हात दुर्बिणीला डोळा लावून आणली. आणि आपला मिस्त्री म्हणतो, "दोन सूत चालते साहेब." दोन सूत म्हणजे पाव इंच. चालतंही कधीकधी. कुठे चालतं आणि कुठे नाही, ते खुर्चीतून कळत नाही एवढंच.

पुण्याचं तुझं तू ठरव. ड्रॉइंग काढणारी माणसंही लागतात, आणि तू चांगली काढतेस. फक्त ज्या सळईला तू रेघ काढशील ती बांधताना बोटं कशी अडकतात हे पाहून जा. तीन महिने दे. तीन महिन्यांनी गेलीस तर मी स्वतः तुला स्टेशनवर सोडायला येईन.

गुरुवारी तुमच्या साइटवर मागच्या बाजूचे चार खड्डे तयार होतील, तूच सांगितलंस. शिडी मागायला लाजू नकोस. शिडी नसेल तर दोर बांध. सदरा मळका घाल.

तुझा
काकाजी

ता. क. तुझी पिवळी टेप इथेच राहिली. तिच्या टोकाचं आकडं हलतंय म्हणून तू त्यावर दगड घातलेला दिसतोय, रिवेट चेपलेत. ते आकडं मुद्दाम ढिलं असतं. त्याच्या पत्र्याची जाडी आहे तेवढंच ते सरकतं, म्हणजे आतून टेकवून मोजलं काय आणि बाहेरून अडकवून मोजलं काय, माप तेच येतं. आता ही टेप आतल्या मापाला मिलिमीटरभर चुकेल. माझी जुनी स्टीलची टेप काढून ठेवलीय, बुधवारी संध्याकाळी घेऊन जा. चहा पिऊन जा.