वाचकांचे प्रश्न : उणे चाळीसमध्ये रेल्वेची मोजणी

प्रश्न : मी कोल्हापुरात सिव्हिल डिप्लोमाला आहे. सर्व्हेची फिल्ड प्रॅक्टिस आम्ही पावसाळ्यात टाळतो, गगनबावड्याकडं तर जूनपासून कुणी लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र) घेऊन जायचं नावच काढत नाही. मग दुसऱ्या महायुद्धात अलास्का, रशियासारख्या ठिकाणी ऐन हिवाळ्यात रेल्वेची मोजणी का केली? उन्हाळ्यापर्यंत थांबले का नाहीत? – एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : प्रश्न एकदम मस्त विचारलास. पहिलं कारण सरळ आहे, युद्ध थांबत नव्हतं. 7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बर झालं, जून 1942 मध्ये जपानने अलास्काची अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली, आणि अलास्काला उरलेल्या अमेरिकेशी जोडणारा जमिनीवरचा रस्ताच तेव्हा नव्हता, सगळा माल समुद्रातून जायचा आणि समुद्रात पाणबुड्यांची भीती. म्हणून 1942 मध्येच अमेरिकन सैन्याने कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जपासून रॉकी पर्वताच्या लांबलचक दरीतनं अलास्कापर्यंत रेल्वेलाइनची पाहणी करून घेतली.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिकडं मोजणीदाराचा खरा शत्रू उन्हाळा. बर्फ वितळला की शेवाळाची आणि सडक्या पाल्याची मैलोन् मैल दलदल होते, नद्यांना पूर येतात, डासांचे थवे उठतात, माणूस गुडघाभर चिखलात आणि घोडा पोटापर्यंत. हिवाळ्यात तीच दलदल गोठते आणि नदी म्हणजे आयता सपाट रस्ता होतो, स्लेजवर तंबू, खाणं, यंत्रं सगळं ओढत नेता येतं. म्हणजे आपल्याकडं भातखाचरात चिखल वाळल्यावर बैलगाडी घालतात ना, तसंच, फक्त तिकडं वाळण्याऐवजी गोठायची वाट बघायची.

पण ही सोय फुकट मिळत नाही. तू टेप वापरतोस म्हणून तुझ्या कामाचं सांगतो. पोलादी टेप 20 अंशाला प्रमाणित केलेली असते, उणे 40 मध्ये 60 अंशांचा फरक पडतो आणि 30 मीटरची टेप जवळपास 2 सेंटीमीटर आखडते. आखूड टेपने मोजलं की नोंद खऱ्या अंतरापेक्षा जास्त येते, किलोमीटरमागं सुमारे 70 सेंटीमीटर. म्हणून तापमानाची दुरुस्ती लावावी लागते, आणि ते तापमान मोजायला पाऱ्याचा थर्मामीटर चालत नाही कारण पारा उणे 39 च्या आसपास गोठतो, तिथं स्पिरिटचा लागतो. लेव्हलच्या नळीतला द्रव आकसतो म्हणून बुडबुडा लांबतो आणि मधे आणायला जीव खातो. थिओडोलाईटच्या (कोन मोजायच्या यंत्राच्या) आसातलं तेल घट्ट होतं, स्क्रू फिरत नाहीत, म्हणून तेल पुसून काढायचं. श्वास आयपीसवर गेला की लगेच बर्फ धरतो, उघड्या बोटाची कातडी धातूला चिकटते. आणि यंत्र रात्री उबदार तंबूत आणायचंच नाही, आणलं तर आत दव धरतं आणि सकाळी बाहेर काढलं की तेच गोठतं. फिल्डबुकात पेन्सिलच, शाई गोठते. त्यात 60 अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. स्टाफ, म्हणजे लेव्हलमधनं वाचायची आकड्यांची उभी पट्टी, धरून उभा असलेला गडी मला यात सगळ्यात जास्त आठवतो, यंत्रावरचा निदान हलतो तरी, याला रीडिंग होईस्तोवर हलता येत नाही.

आता खरी अडचण. बर्फ जमीन झाकतो. स्टाफ बर्फावर ठेवला तर उंची बर्फाची येते, जमिनीची नाही, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी फावड्याने खाली जावं लागतं. आणि खाली दगडासारखी लागलेली जमीन खरंच टणक आहे की नुसती गोठलीय, हे वरनं कळत नाही. कॅनडातून अलास्काला जोडणारा रस्ता, म्हणजे अलास्का हायवे, 1942 मध्ये बांधताना हेच नडलं, बुलडोझरने वरचं शेवाळ खरवडलं की खालची कायम गोठलेली माती उन्हात वितळली आणि रस्ता खचायला लागला, मग शेवाळ तसंच ठेवून त्यावर झाडांचे ओंडके आडवे टाकून रस्ता केला. म्हणून हिवाळ्यातला सर्व्हे रिपोर्ट वाचताना मी तरी आधी बघतो की खड्डे घेऊन माती तपासलीय का, नुसत्या सुंदर ग्रेडियंटवर (चढउतारावर) माझा विश्वास नाही.

प्रश्न : मग ती अलास्काची रेल्वे झाली का? – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. हायवे 20 नोव्हेंबर 1942 ला खुला झाला आणि रेल्वे कागदावरच राहिली. पण हिवाळ्यात पाहणी आणि बांधकाम दोन्ही उरकलेली लाइन बघायची असेल तर रशियातलं लेनिनग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग) बघा. सप्टेंबर 1941 पासून शहराला जर्मनांचा वेढा होता, लोक भुकेने मरत होते. 18 जानेवारी 1943 ला वेढा लाडोगा सरोवराच्या काठाला थोडासा फुटला आणि लगेच श्लिसेलबुर्ग ते पोल्यानी अशी 33 किलोमीटरची लाइन टाकायचा हुकूम निघाला. गोठलेली दलदल, जमिनीत सुरुंग, सिन्याविनोच्या टेकड्यांवर जर्मन तोफा. मोजणी करून मग बांधायचं एवढा वेळच नव्हता, दोन्ही बरोबरच चाललं, नेवा नदीवर लाकडी खांब ठोकून तात्पुरता पूल झाला, आणि 7 फेब्रुवारीला पहिली गाडी शहरात पोचली. तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत, आणि ज्यांनी हे केलं त्यातले कित्येक जण स्वतः उपाशी होते. त्या लाइनवर पुढंही तोफगोळे पडत राहिले, गाड्या रात्री दिवे विझवून न्यायचे.

प्रश्न : गोठलेल्या तळ्यावर रूळ टाकले होते असं ऐकलं, खरं आहे का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : खरं आहे, बैकाल सरोवरावर, 1904 मध्ये. रशिया-जपान युद्ध सुरू झालं तेव्हा सैबेरियाच्या रेल्वेचा सरोवराला वळसा घालणारा तुकडाच अपुरा होता, आणि बर्फ इतका जाड की बोटी चालेनात. म्हणून 40 किलोमीटरच्या वर रूळ थेट बर्फावर अंथरले. चाचणीला सोडलेलं इंजिन बर्फ फोडून खाली गेलं, मग डबे घोड्यांनी ओढले आणि इंजिनं सुटी करून पलीकडं नेली. अशा ठिकाणी रोजची पाहणी म्हणजे बर्फाची जाडी आणि नव्या भेगा, कारण तो बर्फ एकसारखा हलतो, आज जिथनं डबा गेला तिथं उद्या भेग असू शकते. वळसा घालणारी लाइन त्याच वर्षी चालू झाली.