वाचकांचे प्रश्न : साहेबांना ‘मिस्टर’ कसे म्हणायचे?

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर आहे. लंडनच्या एका सर्जनकडे काम शिकायला जाता यावे म्हणून तिने पत्र लिहिले. सुरुवात ‘रिस्पेक्टेड डॉक्टर सर’, शेवट ‘युअर्स ओबीडियंटली’. पण त्यांच्या रुग्णालयाच्या कागदावर त्यांच्या नावाआधी ‘मिस्टर’ आहे. एवढ्या मोठ्या माणसाला नुसते मिस्टर लिहायचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो, मिस्टरच लिहायचे. तिकडे सर्जनचा तोच मान आहे. १५४० साली लंडनमध्ये शस्त्रक्रिया करणारे आणि न्हावी एकाच संघात आले. ‘डॉक्टर’ म्हणजे विद्यापीठातून पदवी घेतलेला वैद्य. सर्जन मात्र उस्तादाच्या हाताखाली शिकायचे, म्हणून ते ‘मिस्टर’. १७४५ मध्ये ते न्हाव्यांपासून वेगळे झाले, पुढे पदव्याही आल्या, पण ‘मिस्टर’ त्यांनी अभिमानाने जपले. स्त्री सर्जन ‘मिस’, ‘मिसेस’ किंवा ‘मिझ’ लावतात. त्या स्वतः जे लावतात तेच आपण लिहावे.

‘रिस्पेक्टेड’ काढून ‘डिअर’ घाला. आपल्याला ‘प्रिय’ आठवते आणि हात अडखळतो, पण तिथे बँकही खातेदाराला ‘डिअर’च लिहिते. पुढे ‘मिस्टर’ आणि फक्त आडनाव. ‘कुलकर्णी सर’सारखे ‘सर’ जोडू नका. तिकडे नावाआधीचा ‘सर’ म्हणजे राजाने दिलेला किताब, आणि तो पहिल्या नावाला लागतो : सर विन्स्टन.

आता शेवट. मी एकोणतीस वर्षे टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवले. त्याआधी नोकरीच्या माझ्या पहिल्या अर्जात मी वर ‘डिअर सर’ आणि खाली ‘युअर्स सिन्सिअरली’ टाइप केले होते. हेडक्लार्कनी तांबड्या पेन्सिलने दोन्हींना गोल केले, मधून एक लांब रेघ ओढली आणि कागद परत दिला. तो मी अजून जपून ठेवला आहे. वर नाव असेल तर खाली ‘सिन्सिअरली’. नुसते ‘डिअर सर’ असेल तर ‘फेथफुली’. ब्रिटिश रीत ही अशी.

‘ओबीडियंट’ हा सरकारी चाकराचा शब्द. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना कायदेभंगाची सूचना देणारे पत्र लिहिले, त्याची सुरुवात ‘डिअर फ्रेंड’ आणि शेवट ‘युअर सिन्सिअर फ्रेंड’. तुमची लेक शिकायला चालली आहे, चाकरीला नाही. तिने ‘युअर्स सिन्सिअरली’च लिहावे. त्यातला ‘वाय’ मोठा, ‘सिन्सिअरली’चा ‘एस’ लहान, आणि ‘युअर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी अजिबात नको.