आई गेल्यावर बाबा गोव्यात एकटेच आहेत, पुण्याला येत नाहीत. त्यांना सोबत कशी मिळेल?

तुमचे बाबा 72 वर्षांचे, मी 73 चा. फोंडा तालुक्यातल्या गावात एकटा राहतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा हे उत्तर बाबांच्या बाजूने आहे असं समजा.

पहिलं वर्ष फार वाईट गेलं. दिवस कसाबसा सरायचा, दिवेलागण खायला उठायची. हुमण, म्हणजे आमची माशाची आमटी, मला करता येत नव्हतं, दोन्ही वेळ पेज आणि लोणचं. मुलगा रोज फोनवर विचारायचा, "जेवलात ना?" मी हो म्हणायचो.

त्यातून बाहेर काढलं जत्रेच्या नाटकाने. आमच्याकडे देवळाच्या उत्सवाला गावातलीच पोरं मराठी नाटक करतात, महिनाभर रात्री तालमी. त्या वर्षी नेहमीचा प्रॉम्प्टर बोटीवर नोकरीला गेला आणि पोरं माझ्या दारात. "काका, पुस्तक धरायला माणूस नाही." मी मोतीबिंदूचं कारण पुढे केलं. दुसऱ्या दिवशी नाटकाची मोठ्या अक्षरांतली झेरॉक्स आणि टॉर्च घेऊन हजर! तीन वर्षं टाळलेलं डोळ्याचं ऑपरेशन त्यानंतर मुकाट्याने करून घेतलं.

विंगेत बसलं की कोण कुठे अडखळणार ते पाठ होतं. आमचा सेनापती "महाराज" म्हणतो आणि पुढचं वाक्य दरवर्षी गिळतो. एकदा तापामुळे गेलो नाही, तर तालीम थांबवून चौघं चहाचा थर्मास घेऊन घरी आले. शिव्याही घातल्या.

म्हणून बाबांना "मन रमवा" एवढं सांगू नका, डोकं फिरतं. त्यांना काय येतं ते आठवा: पेटी, भजन, देवस्थानचा हिशेब. गावातल्या कुणाला तरी गुपचूप सांगा, त्यांना बोलवा म्हणून. पण काम अडलंय म्हणून. सोबत द्यायला आलोय असं कुणी म्हणालं तर मी तरी त्याला व्हरांड्यातूनच वाटेला लावीन.

आणखी एक. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पहाटे पाव फाटकावरच्या पिशवीत टाकतो. दुसऱ्या दिवशी पिशवी तशीच भरलेली दिसली तर हाक मारायची, हे मी त्याला सांगून ठेवलंय. एकदा आदल्या दिवशीचा पाव काढायचाच राहिला तर भोंगा वाजवून आळी जागी केली त्याने. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मोफत क्रमांकही फोनशेजारी लिहून ठेवा. पैशांची ओढाताण असेल तर साठीनंतर गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज करता येतो, उत्पन्नाची अट बघा.

पुण्याला न्यायचंच असेल तर पावसाळ्यात न्या. तेव्हा इथे नाटक नाही, वीज जाते, देवळातही फारसं कुणी नसतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधी मात्र परत आणून सोडा. गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीला काय काय लागतं, ते घरात आता त्यांनाच माहीत असेल.