घरपोच ड्रिप: बाटलीत काय असतं आणि सुईआधी काय विचारलं पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते: तापातून उठून दहा दिवस झाले तरी तुमचा थकवा जात नाही. घरी येऊन ‘हायड्रेशन ड्रिप’ लावणाऱ्या एका सेवेचं पत्रक हाती आलंय. त्यात ‘एनर्जी’, ‘इम्युनिटी’ आणि ‘ग्लो’ अशा तीन बाटल्या आहेत, भरायचा फॉर्म पाच प्रश्नांचा आहे. सासूबाई (वय 68, बीपीची आणि लघवी होण्याची गोळी चालू) म्हणतात, मलाही लावून टाका. तर लावावी का?

मी आधी वॉर्डात आणि मग घरोघरी जाऊन ड्रिप देणारी नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे लांबण लागणार. उत्तर आधीच सांगून टाकते: त्यांच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय सासूबाईंना अजिबात नको. तुम्हाला बहुधा गरज नाही.

बाटलीत सगळ्यात जास्त असतं ते मिठाचं पाणी. नॉर्मल सलाईन म्हणजे 0.9 टक्के, म्हणजे लिटरमागे 9 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक लिटरची बाटली लावली की जवळजवळ दोन दिवसांचं मीठ तासाभरात थेट शिरेत गेलं. धडधाकट मूत्रपिंड ते सावकाश बाहेर काढतं. शिवाय त्या लिटरमधलं जेमतेम पाव भाग पाणी रक्तवाहिन्यांत टिकतं, बाकीचं पेशींच्या आजूबाजूच्या जागेत झिरपतं. हृदय थकलेलं असेल तर ते घोट्यांत आणि फुफ्फुसांत साठतं. काही ठिकाणी सलाईनऐवजी रिंगर लॅक्टेट देतात. त्यात थोडं पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असतं, क्लोराइड कमी असतं. पण पाण्याचं ओझं तेवढंच.

मग येतात जीवनसत्त्वं. बी-कॉम्प्लेक्स घातलं की नळी पिवळीधमक दिसते, तोंडाला औषधी चव येते आणि संध्याकाळी लघवीही पिवळी होते. तो रायबोफ्लेविनचा रंग. शरीराला जेवढं हवं होतं तेवढं ठेवून उरलेलं निघून चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. यातल्या थायमिनची शिरेतून क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी येते. क्वचितच, पण येते तेव्हा मिनिटांत येते.

सी जीवनसत्त्वाबद्दल जरा थांबून सांगते, कारण ‘इम्युनिटी’ आणि ‘ग्लो’ या दोन्ही बाटल्यांचा भर त्यावरच असतो. रोज 200 मिलीग्रॅम तोंडाने घेतलं तरी रक्तातली पातळी जवळजवळ वरच्या टोकाला पोचते. शिरेतून काही ग्रॅम दिले तर ती काही तास कितीतरी पट वर जाते आणि मग मूत्रपिंड जादा माल बाहेर टाकतं. बहुतेकांना याने काही होत नाही. पण जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या माणसात मोठ्या मात्रेने तांबड्या पेशी फुटतात. आपल्यात हे एन्झाइम कमी आहे याचा अनेकांना पत्ताच नसतो, कारण एरवी त्रास होत नाही. ज्यांना मुतखडे होतात किंवा मूत्रपिंड अधू आहे त्यांच्यात ऑक्झलेट (सीपासून बनणारा क्षार) साठून मूत्रपिंड आणखी बिघडू शकतं. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: सीचा मोठा डोस घेतल्यावर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात. ते पाहून कुणी इन्सुलिन वाढवून घेतलं तर खरी साखर खाली कोसळते.

मॅग्नेशियम. यात माझा हात पोळलेला आहे. 50 टक्के मॅग्नेशियम सल्फेटच्या 2 मिलीलिटर अँप्यूलमध्ये 1 ग्रॅम असतं, दिसायला चिमूटभर. सुरुवातीच्या काळात एका तरुण बाईंना ते घातलेली बाटली लावली आणि शीर मोठी मिळाली म्हणून नळीवरचा, वेग कमी-जास्त करणारा रोलर थोडा जास्तच सोडला. दोन-तीन मिनिटांत त्या म्हणाल्या, ‘आतून गरम वाटतंय.’ मानेपासून छातीपर्यंत लाल झाल्या, ओठ पांढरे पडले. वरचं बीपी 84. रोलर बंद केला, पाय वर घेतले, दहा मिनिटांत त्या सावरल्या. औषध योग्य होतं, मात्राही योग्य होती, वेग चुकला होता आणि तो माझ्या अंगठ्याने चुकवला होता. म्हणून पत्रकावर ‘45 मिनिटांत मोकळे’ असं दिसलं की मी मनात गणित मांडते. ड्रिपच्या नेहमीच्या नळीला 20 थेंब म्हणजे 1 मिलीलिटर. एक लिटर 45 मिनिटांत घालायचं तर मिनिटाला 444 थेंब, सेकंदाला सात. त्याला थेंब म्हणत नाहीत, ती धार असते. मूत्रपिंड अधू असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं, तो आणखी वेगळा धोका.

‘ग्लो’मधलं ग्लुटाथायोन त्वचा उजळ करण्यासाठी देतात. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने त्वचा उजळण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. यावर याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

मळमळीला ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डोकेदुखीला कीटोरोलॅक ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणून मिळत असेल तर जास्त सावध व्हा. ही जीवनसत्त्वं नव्हेत, औषधं आहेत. ऑन्डॅन्सेट्रॉनने काहींच्या हृदयाची लय बिघडते. कीटोरोलॅक सुकलेल्या शरीराच्या मूत्रपिंडाला झोंबतं. आणि गंमत बघा, ड्रिप मागवतात ती सुकलेल्या माणसासाठीच.

‘पण माझ्या मैत्रिणीला खरंच तरतरी आली’ असं तुम्ही लिहिलंय. आली असेल, मी खोटं म्हणणार नाही. या बाटल्यांची मूळ कल्पना बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मायर्स यांची. ते 1984 मध्ये वारले. पुढे डॉ. अ‍ॅलन गॅबी यांनी ते मिश्रण आपल्या पद्धतीने चालू ठेवलं आणि 2002 मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हापासून ‘मायर्स कॉकटेल’ हे नाव सगळीकडे झालं. 2009 मध्ये फायब्रोमायाल्जियाच्या (अंगभर दुखणं आणि थकवा असणारा जुनाट आजार) 34 रुग्णांवर त्याची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना कॉकटेल, निम्म्यांना नुसतं रिंगर लॅक्टेट. बरं दोन्ही गटांना वाटलं, आणि दोघांतला फरक सिद्ध होण्याइतका निघाला नाही. चाचणी लहान होती, तिच्यावर फार इमले बांधू नयेत. पण कुणीतरी तासभर शेजारी बसून विचारपूस करतंय, आपण पडून आहोत, फोन बाजूला आहे, याचाही त्या तरतरीत वाटा असतो असं मला इतक्या वर्षांनंतर वाटतं. पुढे 2018 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) अशाच एका विक्रेत्यावर, पुराव्याविना आजार बरे करण्याचे दावे केले म्हणून कारवाईही केली.

आता फॉर्म. तुमच्या पाचांपैकी तिसरा प्रश्न: ‘हृदयविकार आहे का?’ सासूबाई याला ‘नाही’ म्हणतील आणि त्या खोटं बोलत नसतील. बीपी म्हणजे हृदयविकार असं कुणाच्या मनात नसतंच. एका आजोबांकडे मी गेले होते, मुलाने बाटली बुक केलेली. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. मी विचारलं, ‘आजोबा, झोपताना उशा किती घेता?’ म्हणाले, ‘तीन. आडवं झालं की दम कोंडतो.’ पायमोजा खाली केला, नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तर खळगा तसाच राहिला, हळूहळू भरला. मी बाटली पिशवीतून बाहेरच काढली नाही. मुलगा चिडला, त्याच्या दृष्टीने मी त्याचा सकाळचा वेळ फुकट घालवला होता. त्याच दिवशी ते डॉक्टरांना दाखवून आले आणि त्यांना पाणी उतरवायची औषधं सुरू झाली. मी त्यांना लिटरभर घालायला निघाले होते.

सेवा चांगली की वाईट हे मी यावरूनच ठरवते: त्यांनी आजवर किती जणांना ‘नाही’ म्हटलंय? फोन करून सरळ विचारा, ‘तुम्ही कुणाला ड्रिप देत नाही?’ समोरच्याने अडखळत ‘सगळ्यांना चालते’ म्हटलं तर फोन ठेवा. जाणकार माणूस थांबायला सांगेपर्यंत यादी सांगत बसेल. हृदय कमजोर, मूत्रपिंड अधू, लिव्हर सिरोसिस, गरोदरपण, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा लिथियम (मनाच्या आजाराचं औषध) चालू असणं, पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, केमो, ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात तो हात, डायलिसिससाठी शीर जोडून केलेल्या फिस्टुलाचा हात. गोळ्यांची नावं विचारली जात नसतील, पट्ट्या समोर ठेवायला सांगत नसतील, तर ती तपासणी नाही, सही घेण्याची सोय आहे.

सुईआधी बीपी, नाडी, ताप आणि ऑक्सिजन मोजलाच पाहिजे, मधुमेह असेल तर साखरही. तुमच्याशी बोलून ती बाटली तुमच्यासाठी लिहून देणारा डॉक्टर असला पाहिजे. एकाच कागदावर सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच ऑर्डर छापलेली असेल तर डॉक्टरांनी तुम्हाला बघितलेलं नाही. सीचा मोठा डोस असेल तर जी6पीडी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी तपासणी) रिपोर्ट मागितला गेला पाहिजे.

मग घरातल्या टेबलाचा प्रश्न. बाटलीत औषध मिसळतात ती जागा कुठली? अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये अस्वच्छ जागी मिश्रणं करणाऱ्या क्लिनिकांबद्दल इशारा दिला, त्यात घरी जाऊन ड्रिप लावणाऱ्या सेवांचाही उल्लेख होता. पंखा चालू, शेजारी चहाचा कप आणि तिथेच व्हायल (रबरी बुचाची औषधाची छोटी बाटली) उघडली, असं मी पाहिलेलं आहे. व्हायलचं रबर स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं असतं, पुसलं आणि लगेच टोचलं असं नाही. तयार करून आणलेली बाटली गाडीच्या डिकीतून निघाली आणि तिच्यावर आत काय, किती, किती वाजता मिसळलं, कुणी मिसळलं याचं लेबल नसेल, तर ती लावून घेऊ नका. पत्रकावर नुसती नावं असतात, लेबलवर मिलीग्रॅम हवेत. आणि पिशवीत अ‍ॅड्रिनलिन आहे का ते दाखवायला सांगा. मोठ्या माणसाला तीव्र अ‍ॅलर्जीत मांडीच्या स्नायूत 0.5 मिलीग्रॅम द्यावं लागतं आणि तेव्हा आणायला पळायला वेळ नसतो.

नळीतला बारीक बुडबुडा पाहून घाबरू नका, तो काही करत नाही. पण सुईच्या जागी गार, फुगीर सूज आली तर बाटली शीर सोडून बाहेर चालली आहे, लगेच बंद करायला सांगा. दम लागला, छाती भरल्यासारखी वाटली, अंगावर गांधी उठल्या किंवा थंडी वाजून आली, तर ‘थोडं सहन करा, संपतच आली’ हे ऐकून घ्यायचं नाही.

तुमच्याबद्दल: तुम्ही खाताय, पिताय, लघवी नीट होतेय. म्हणजे आतडं काम करतंय आणि पाणी आत घ्यायचा तोच सरळ रस्ता आहे. ओआरएसमध्ये साखर चवीला नसते. आतड्यात ग्लुकोज सोडियमचा हात धरून आत जातं आणि पाणी त्यांच्या मागे. म्हणून लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असं मोजून ठरवलंय, सोबत पोटॅशियम आणि सिट्रेट. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या पाण्यात दाट करू नका. सासूबाईंना मात्र ओआरएससुद्धा विचारून, त्यातही मीठ आहेच. दहा दिवसांनीही थकवा तसाच असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून घ्या. रक्तच कमी असेल तर ‘एनर्जी’ची बाटली त्यावर दोन दिवसांचा पडदा टाकेल, एवढंच. उलट्यांमुळे काहीच पोटात ठरत नसेल, आठ-आठ तास लघवी नसेल, गुंगी येत असेल, तर घरी कुणाला बोलवू नका, हॉस्पिटलमध्ये जा. तिथे बाटली लावण्याआधी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघतात.

सासूबाईंच्या गोळ्यांच्या पट्ट्यांवरची नावं इथे लिहा आणि त्या रात्री उशा किती घेतात तेही विचारून ठेवा. त्यांच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी काढून देते.