चाळीस मीटरचं हेड जातं कुठं?

प्रश्न : भडगाव तालुक्यात माझी केळी आहे. 2,000 झाडं, झाडाला तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर. विहिरीत 5 एचपीची पाणबुडी मोटार आहे, तिच्या नेमप्लेटवर हेड (म्हणजे पाणी चढवायची उंची) 40 मीटर, डिस्चार्ज 4.5 लिटर प्रति सेकंद असं आहे. विहिरीपासून बागेपर्यंत सपाटीवर 1,000 फूट 63 एमएमची पाईपलाईन. दिवाळीत पाणी 40 फुटांवर होतं तेव्हा ठिबक झकास चालायचं. आता 70 फुटांवर गेलंय आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. वॉल (व्हॉल्व्ह) बंद केला की विहिरीवरचा गेज (दाब मोजायचा काटा) तीन किलो दाखवतो. मग बागेत प्रेशर का नाही? दुकानदार म्हणतो, साडेसात एचपी टाका.

उत्तर : भाऊ, मोटार बदलू नका. मृगबाग (जून-जुलैत लावलेली केळी) निसवून म्हणजे घड बाहेर पडून तो पोसायच्या दिवसांत हातचा पैसा खत-पाण्याला लागतो. तो चुकीच्या जागी जाताना पाहून जीव तुटतो. मोटारी भरायचं (वाइंडिंगचं) दुकान आहे माझं, तरी हेच सांगतो.

दहा मीटर हेड म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, हे खरं. पण 40 मीटरचं हेड म्हणजे बागेत चार किलो, असं नाही. आधी पाणी वर चढवावं लागतं. 70 फूट म्हणजे 21 मीटर तिथंच गेले. मग पाईपचं घर्षण. तुमच्या 4,000 ड्रिपरला तासाला 16,000 लिटर लागतं, म्हणजे सेकंदाला जवळपास साडेचार लिटर. एवढं पाणी 63 च्या पाईपमधून 1,000 फूट ढकलायला सुमारे 14 मीटर हेड खर्च होतं. 21 आणि 14 झाले 35. उरले पाच मीटर, म्हणजे अर्धा किलो, आणि त्यातलं फिल्टर खाणार ते वेगळंच. ठिबकला एक किलो हवं. दिवाळीत उचल 12 मीटरच होती, म्हणून भागत होतं.

आता तो तीन किलोचा काटा. वॉल बंद असताना पाणी वाहतच नाही, म्हणून घर्षणही नाही, आणि पंप आपल्या सर्वांत जास्त हेडवर जाऊन बसतो. वॉल उघडाल तसं पाणी वाढतं आणि हेड उतरतं. नेमप्लेटवरचे दोन आकडे जोडीचे आहेत : 40 मीटरला साडेचार लिटर. एक वाढला की दुसरा कमी होणार. म्हणून गेज नेहमी सगळं ठिबक चालू असताना बघा. एक विहिरीवर आणि एक बागेत फिल्टरच्या आधी लावा. विहिरीवर 1.9 आणि बागेत अर्धा दिसला, तर मधले 1.4 किलो पाईपनं खाल्ले. फिल्टरच्या पुढे तिसरा गेज लावून दोन्हींत अर्ध्या किलोहून जास्त फरक आला, तर आधी फिल्टर धुवा.

साडेसात एचपीचं म्हणाल, तर एचपी वाढली म्हणजे हेड वाढलंच असं नसतं, बऱ्याचदा पाणीच वाढतं. त्याच पाईपमधून सहा लिटर ढकलाल तर 14 मीटरचं घर्षण 24 वर जाईल. विहीर आणखी लवकर उपसेल, ते वेगळं.

या उन्हाळ्यापुरता उपाय बिनखर्ची आहे. बागेचे दोन भाग पाडून, एकाचा वॉल बंद ठेवून आळीपाळीनं अर्धी-अर्धी बाग चालवा. पाणी निम्मं झालं की घर्षण निम्मं नाही, जवळपास चौथाई होतं : 14 चे चार मीटर. शेवटच्या ओळीलाही एक किलो मिळेल. वेळ दुप्पट लागेल, म्हणून लाईटच्या आठ तासांत दोन्ही पाळ्या बसवून घ्या.

पावसाळ्याआधी जमलं तर पाईपचं बघा. 75 एमएमची लाईन टाकली तर नुकसान सहा मीटरच्या आत येतं. जुनी उकरायची गरज नाही. तिच्याच चारीत दुसरी 63 ची टाकून दोन्ही टोकांना जोडली, तरी प्रत्येकीतून निम्मंच पाणी जाईल आणि नुकसान चार मीटरवर येईल. दुकानात दोन्हींचे भाव विचारा आणि स्वस्त पडेल ते घ्या.