सांधे सैल, स्नायू घट्ट: दाबून घ्यायचं की नाही?

प्रश्न: ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहते, वय २९, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. लहानपणापासून माझं अंग भलतंच लवचिक, अंगठा मागे नेऊन मनगटाला लावून दाखवला की वर्गातल्या पोरी ओरडायच्या. आता मात्र मान, खांदे, कंबर कायम धरलेली असते. डॉक्टरांनी हायपरमोबिलिटी म्हणजे सांधे जास्त सैल असल्याचं सांगितलंय, बहुतेक एलर्स-डॅनलॉस (शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात आजार) पण अजून पक्कं नाही. मधे एका मसाज सेंटरला डीप टिश्यू म्हणजे खोलवर जोरात दाबायचा मसाज करून घेतला, दोन दिवस मस्त हलकं वाटलं आणि मग ट्रेनमध्ये वरची कडी धरली तर खांदा निसटल्यासारखा झाला. आई म्हणते हाडवैद्याकडे जाऊन मान मोडून घे, मोकळी होशील. हलक्या हाताची थेरपी म्हणतात ती नक्की काय असते आणि एवढ्या हलक्या हाताने खरंच फरक पडतो का?

उत्तर: सगळ्यात आधी, मान कोणाकडूनही मोडून घेऊ नकोस. हाडवैद्य असो, पार्लरमध्ये हेड मसाज झाल्यावर मानेला झटका देणारी असो नाहीतर रील्समध्ये कडकड आवाज काढून दाखवणारे असोत, तुझ्या मानेला झटका नकोच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात, झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून स्ट्रोक येऊ शकतो. हे कोणाच्याही बाबतीत क्वचितच होतं, पण ज्यांचे मणके धरून ठेवणारे लिगामेंटच सैल आहेत आणि ज्यांच्या रक्तवाहिन्यांची भिंतही नाजूक असू शकते त्यांनी ही जोखीम घ्यायचीच कशाला? आणि तो कडकड आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण नाही गं, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो.

आता तुझा खांदा का निसटला ते बघ. सांध्याला आवळून धरायचं काम लिगामेंटचं, ती कोलॅजन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, तुझ्या शरीरात तीच जास्त ताणली जातात त्यामुळे त्यांचं काम स्नायूंवर येऊन पडतं आणि बिचारे स्नायू दिवसभर आवळलेलेच राहतात. मांडवाचे बांबू डळमळीत असले की आपण दोऱ्या जास्त घट्ट बांधतो ना, तसंच. आणि डीप टिश्यूने त्या दोऱ्याच सोडल्या! दोन दिवस बरं वाटलं ते खरंच वाटलं, पण खांद्याला जो आधार होता तो गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणी दिला नाही. म्हणून हायपरमोबिलिटीत दुखणारा प्रत्येक घट्ट स्नायू मोकळा करायचा नसतो, हे मी पेशंटला पुन्हा पुन्हा सांगते. स्ट्रेचिंगचंही तेच, ‘ताणलं की बरं वाटतं’ म्हणून तू सारखी मान ताणत असशील तर बंद कर.

मग हलका हात करतो काय? तर लिगामेंट घट्ट करत नाही, ते कुठल्याच मालिशने होत नाही, तसं कोणी सांगितलं तर तिथून उठून ये. पण दुखणं कमी करतो, आणि आणखी एक गोष्ट जी मला फार मोलाची वाटते. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, सैल सांध्यांच्या लोकांमध्ये ही जाणीव बऱ्याचदा कच्ची असते म्हणून ते दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, पाय मुरगळतात. त्वचेवरचा संथ, स्थिर स्पर्श ही जाणीव जागी करायला मदत करतो आणि सतत सावध असलेलं शरीर जरा सैलावतं. त्या सैलावलेल्या वेळात व्यायाम करायचा, मुख्य उपचार तोच. अभ्यासही जास्त व्यायामावरच झालेत, हाताच्या उपचारांवर कमी, त्यामुळे नुसत्या मसाजच्या दहा सेशनचं पॅकेज कोणी विकत असेल तर घेऊ नकोस.

चांगलं सेशन असं असतं. हात-पाय कुठेही लटकत नाहीत, गुडघ्याखाली, कोपराखाली, मानेखाली उशा असतात. सांधा कधीच शेवटपर्यंत नेत नाहीत, मधल्या टप्प्यातच ठेवतात. दाब इतकाच की कातडी आणि तिच्या लगेच खालचा थर सरकेल, आणि ‘सहन करा’ हा शब्द निघता कामा नये. एक पद्धत आहे त्यात दुखरा स्नायू ताणायच्या ऐवजी आखडून आरामात ठेवतात आणि साधारण ९० सेकंद तसंच धरतात, माझ्या अनुभवात मानेला आणि कंबरेला ती फार मानवते. मग थेरपिस्ट हाताने हलका दाब देते आणि तू हात न हलवता तेवढाच विरोध करायचा, म्हणजे स्नायू कामाला लागतो. शेवटी भिंतीला तळवे टेकून खांद्यासाठी हलका जोर. हा शेवटचा भाग झाल्याशिवाय टेबलावरून घरी जायचं नाही, तुझ्या बाबतीत नेमका हाच राहिला होता.

पहिलं सेशन छोटंच ठेवायला सांग कारण त्रास झाला तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. निळे डाग पटकन पडत असतील, कातडी पातळ असेल तर आधीच सांग, चिकट टेप उपटून काढला तरी अशी त्वचा सोलवटते. आणि उठताना घाई नको. हायपरमोबिलिटीवाल्या बऱ्याच जणांना पॉट्स असतो, उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढते, चक्कर येते, म्हणून आधी कुशीवर, मग बसून पावलं हलवायची, पाणी प्यायचं, मग उभं राहायचं.

पण या सगळ्याच्या आधी निदान पक्कं करून घे, हे टाळू नकोस. बायटन स्कोअर म्हणजे सांधे किती वाकतात ते बघून दिलेले गुण, ते ९ पैकी असतात, पन्नाशीच्या आतल्या मोठ्या माणसाला ५ किंवा जास्त आले तर सांधे सैल म्हणतात, पण तेवढ्याने आजार ठरत नाही. एलर्स-डॅनलॉसचे २०१७ च्या वर्गीकरणात १३ प्रकार आहेत, सगळ्यात जास्त दिसणाऱ्या हायपरमोबाइल प्रकारासाठी अजून जनुक तपासणी नाही, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या प्रकारासाठी आहे आणि त्यात रक्तवाहिन्या, आतडी फाटायचा धोका असतो. मार्फान हा असाच दुसरा जन्मजात आजार, त्यात महाधमनी रुंदावते. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, धमनी फुगली असेल, डोळ्याचं भिंग सरकलं असेल तर डॉक्टरांना सांग आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) होईपर्यंत कोणालाही अंग दाबू देऊ नकोस. हाताला मुंग्या-बधिरपणा, चालताना तोल जाणं, मान वळवल्यावर चक्कर, गिळायला किंवा बोलायला त्रास, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टर, थेरपी नंतर.

फिजिओ बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) झालेली, महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलकडे नोंदणी असलेली बघ आणि फोनवरच विचार की सैल सांध्यांच्या पेशंटला तुम्ही काय करत नाही. ‘झटके देत नाही, जोरात ताणत नाही’ असं पटकन आलं तर जा. ट्रेनमध्ये वरच्या कडीला लटकू नकोस, दाराजवळचा उभा दांडा कमरेच्या उंचीला कोपर वाकवून धर. आणि आईला नाराज करू नकोस, त्यांना सांग कोमट तेल पसरट तळव्याने पाठीला लावून द्या, फक्त बोटं ओढून मोडायची नाहीत.

प्रश्न: आम्ही कळव्याचे, माझी मुलगी ८ वर्षांची, जिम्नॅस्टिक्सला जाते. अंग खूप लवचिक म्हणून सर खूश, पण रात्री पाय दुखतात म्हणून रडते. चोळून देऊ का?

उत्तर: द्या की, हलक्या हाताने पोटऱ्या-मांड्या चोळा, गुडघा आणि घोट्यावर जोर नको. लहान मुलं लवचिक असतातच, वयात येण्याआधी बायटन स्कोअर ९ पैकी ६ किंवा जास्त असला तरच सांधे सैल म्हणतात आणि त्यातल्याही बहुतेकांना आजार नसतो. मला काळजी वेगळी आहे, स्प्लिट करताना सर किंवा मोठी मुलगी तिच्या मांड्यांवर दाब देते का ते एकदा स्वतः जाऊन बघा. देत असतील तर स्पष्ट सांगा की हे चालणार नाही, हिला लवचिकपणा पुरेसा आहे, ताकद वाढवणारे व्यायाम द्या. सांधा सुजला, सकाळी आखडला, लंगडायला लागली, ताप आला किंवा रोज एकाच पायात एकाच जागी दुखतंय म्हणाली तर चोळत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.